वाद्य गेलं, नाव राहिलं: तारपा, म्युझेत आणि तरुण वादक



आजचा विषय तारपा. समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी तारपा ऐकला असेल, काहींनी त्याच्याभोवती फेरही धरला असेल. तेव्हा तारपा म्हणजे काय हे पालघर-बोईसरच्या माणसांना शिकवायला मी उभा राहिलेलो नाही. मी तुमच्यासारखाच एक ऐकणारा आहे. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवल्यामुळे प्रश्न मांडायची खोड लागली आहे एवढंच. तर प्रश्न असा. जुन्या चाली तरुण वादकांच्या हाती येतात. ते त्या नव्या जागी, नव्या वाद्यांच्या साथीत, नव्या श्रोत्यांपुढे वाजवतात. त्यात काय टिकतं, काय जातं? आणि टिकलं की गेलं, हे ठरवायचं कुणी?

हा प्रश्न आपल्या आधी पॅरिसला पडला होता. तिथली गोष्ट सव्वाशे वर्षांची आहे आणि तिचे बरेच टप्पे होऊन गेले आहेत, त्यामुळे ती लांबून नीट दिसते. आपली गोष्ट अजून घडते आहे. म्हणून आधी पॅरिस, मग आपण.

पिशवीचं वाद्य

फ्रान्सच्या मध्यभागी ओव्हेर्न नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. जमीन हलकी, थंडी कडक. एकोणिसाव्या शतकात तिथली माणसं पोटासाठी पॅरिसला येऊ लागली. आधी त्यांनी घरोघरी पाणी वाहिलं, मग कोळसा विकला, मग कोळशाच्या वखारीतच एका बाजूला दारूचं छोटं दुकान मांडलं. बास्तीच्या चौकाजवळ रू द लाप नावाची गल्ली आहे, तिथे आणि आजूबाजूला त्यांची वस्ती झाली.

माणूस स्थलांतर करतो तेव्हा भांडीकुंडी बदलतात, पण नाच बरोबर येतो. या लोकांनी आपलं वाद्य आणलं. बकऱ्याच्या कातड्याची पिशवी, तिला नळ्या जोडलेल्या, काखेतल्या छोट्या भात्याने पिशवीत हवा भरायची. त्याला कॅब्रेत म्हणत, आणि म्युझेतही म्हणत. सुट्टीच्या दिवशी दुकानाच्या मागच्या खोलीत म्युझेत वाजायची आणि गावाकडचा नाच रंगायचा. त्या जागांना नाव पडलं 'बाल म्युझेत', म्हणजे म्युझेतवरचा नाच.

त्याच मोहल्ल्यांत इटलीहून आलेले मजूर होते. त्यांच्याकडे अॅकॉर्डियन होता. म्हणजे भाता आणि धातूच्या पट्ट्या; आपल्या पेटीचा गळ्यात अडकवलेला भाऊ म्हणा. दोन्ही गटांत चुरस होती, भांडणंही होत. 'आमच्या नाचात तुमची पेटी कशाला' हा सूर होताच. पण १९०५ च्या सुमारास कॅब्रेतचा नामांकित वादक बुस्कातेल आणि इटालियन घरातला अॅकॉर्डियनवादक शार्ल पेगुरी एकत्र वाजवू लागले. पुढे पेगुरी बुस्कातेलचा जावई झाला. वाद्यांची सोयरीक झाली आणि घरांचीही झाली.

पुढे काय झालं बघा. अॅकॉर्डियनचा आवाज मोठा, सुरांचा पल्ला मोठा, आणि शहरात त्या वेळी आवडणारे वॉल्ट्झसारखे नाच त्यावर सहज वाजत. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात त्या नाचघरांतून पिशवीचं वाद्य जवळजवळ दिसेनासं झालं. पण नाव? नाव म्युझेतच राहिलं. आज जगात 'फ्रेंच म्युझेत' म्हटलं की डोळ्यांपुढे अॅकॉर्डियन येतो. ज्या वाद्याचं ते नाव होतं, ते वाद्य कुणाला आठवत नाही.

एक तांत्रिक गोष्ट इथे सांगतो, पुढे ती लागणार आहे. अॅकॉर्डियनमध्ये एकाच सुरासाठी दोन किंवा तीन पट्ट्या असतात. म्युझेत वाजवणाऱ्यांनी त्या मुद्दाम एकमेकींपासून किंचित वेगळ्या सुरात लावल्या. दोन जवळजवळ सारखे सूर एकत्र वाजले की आवाजात लाट उठते, कंप येतो. तो थरथरता आवाज हीच म्युझेतची ओळख झाली. 'बेसूर' ठेवण्यातही एक नेमकं माप होतं.

नाच उठला, खुर्च्या आल्या

एमिल व्हाशे या वादकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत या संगीताला घाट दिला. मग त्यात जिप्सी वादक आले, बँजो आला. जँगो रेनहार्ट हा पुढे जगप्रसिद्ध झालेला गिटारवादक. त्याचं १९२८ चं पहिलं ध्वनिमुद्रण अॅकॉर्डियनला बँजोची साथ करणारं होतं. मग गुस व्हिझर, तोनी म्युरेना यांनी त्यात अमेरिकन जॅझची लय आणली. जुनी माणसं तेव्हाही कुरकुरली असणार. आज त्याच रचना 'जुन्या, अस्सल' म्हणून वाजवल्या जातात.

१९६० नंतर रॉक संगीत आलं आणि अॅकॉर्डियन म्हातारा झाला. तरुणांना तो आजोबांच्या लग्नातला आवाज वाटू लागला. मग १९५० साली जन्मलेला रिशार गाल्यानो हा वादक पुढे आला. अर्जेंटिनाच्या आस्तोर पियाझोलाने टँगोला नवं रूप दिलं होतं. त्याने गाल्यानोला सल्ला दिला, की मी टँगोचं जे केलं ते तू म्युझेतचं कर. १९९० च्या दशकाच्या आरंभी गाल्यानोने 'न्यू म्युझेत' या नावानेच ध्वनिमुद्रण काढलं. त्याच्यानंतरच्या पिढीत व्हँसाँ पेरानी आहे, १९८० चा जन्म. शास्त्रीय शिक्षण, जॅझचा रियाज, आणि रॉकची गाणीही अॅकॉर्डियनवर वाजवतो. या लोकांनी वाद्याला पुन्हा मान मिळवून दिला यात शंका नाही.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. बुस्कातेलच्या काळात म्युझेत ऐकणारा माणूस उभा होता, नाचत होता. गाल्यानो आणि पेरानीला ऐकणारा माणूस बहुतेक वेळा तिकीट काढून खुर्चीत बसलेला असतो. वाद्य एकदा बदललं ते सगळ्यांना दिसलं. श्रोता बदलला ते फार कमी लोकांच्या लक्षात आलं. माझ्या मते मोठा बदल दुसराच होता. हे मनात ठेवून आता आपल्याकडे वळू.

भोपळा, बांबू, ताड

तारपाही एका अर्थाने पिशवीचंच वाद्य आहे. कातड्याच्या पिशवीऐवजी वाळवून पोकळ केलेला दुधी भोपळा. त्यात बांबूच्या दोन नळ्या शेजारी शेजारी बसवलेल्या, नळीत बारीक जीभ कोरलेली, बोटांसाठी भोकं. खाली ताडाच्या पानांचा लांब कर्णा. सांधे मेणाने बुजवलेले. वाजवणारा भोपळ्यात फुंकतो, गालात हवा धरून नाकाने श्वास घेतो, म्हणजे आवाज तुटत नाही. पुंगी आणि डांगातली पावरी ही याचीच भावंडं.

आता मघाची गोष्ट आठवा. दोन नळ्या हाताने केलेल्या, त्यांचे सूर तंतोतंत एक कसे असतील? दोन्ही एकत्र वाजल्या की तीच लाट, तोच कंप. पॅरिसच्या कारागिराने जे कानसाने घासून साधलं, ते जव्हारच्या डोंगरात बांबूच्या कोवळ्या-जून असण्यातून आपोआप येतं.

या वाद्याच्या दोन अटी आहेत आणि दोन्ही महत्त्वाच्या आहेत. पहिली अट काळाची. तारपा बाराही महिने वाजवायचा नाही असा जुना संकेत. भात तयार होऊ लागलं की, नवं खाण्याचा सण, दिवाळी, मळणी या दिवसांत तो निघायचा. कणसरी म्हणजे धान्याची देवी. तिच्या येण्याशी त्याचा संबंध. दुसरी अट जागेची. वादक मध्ये, नाचणारे भोवती. बायका-पुरुष एकमेकांच्या कमरेला धरून साखळी करतात, पुढच्याच्या हातात घुंगरांची काठी, ती जमिनीवर आपटून तो पावलं फिरवतो. तारप्याकडे पाठ करायची नाही असं जुनी माणसं सांगतात. वादकाने चाळा बदलला की पाऊल बदलतं. तारप्याच्या एकेका चालीला चाळा म्हणतात, आणि प्रत्येक चाळ्याचं पाऊल वेगळं.

म्हणजे वादक नाचणाऱ्यांना चालवतो? अर्धं खरं. वादक त्यांच्या पायांकडे बघत असतो. साखळी रंगात असेल तर तोच चाळा लांबवतो, थकली असेल तर सैल करतो, नवी माणसं आत शिरली तर सोप्या चाळ्यावर येतो. रात्रभर हे चालतं. यात वादक कोण आणि श्रोता कोण, हे सांगणं अवघड आहे. नाचणारे कानाने ऐकतात आणि पायाने उत्तर देतात.

या फेराचं चित्र मात्र जगभर गेलं. वारली चित्रकला पूर्वी लग्नघराच्या भिंतीवर बायका काढत. १९७० च्या दशकात डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी ती कागदावर नेली; भास्कर कुलकर्णी यांनी त्यांना प्रोत्साहन दिलं. म्हशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. या चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मधोमध तारपावाला आणि त्याच्याभोवती गोगलगायीसारखा वळत जाणारा फेर, हे चित्र आज रेल्वे स्टेशनच्या भिंतीपासून कुर्त्यापर्यंत सगळीकडे आहे. लाखो लोकांनी तारपा पाहिला आहे. ऐकलेले किती? चित्राने तारपा जगाला दाखवला, पण तो मुका दाखवला.

बोईसर म्हणजे आपला रू द लाप

आता ओव्हेर्नच्या जागी जव्हार, मोखाडा, विक्रमगड घाला. जमीन डोंगरउताराची, एकाच पावसाळी पिकाची. भात कापलं की घरं बंद करून माणसं वीटभट्ट्यांवर, रेतीवर, बोटींवर, कारखान्यांत जातात. आणि पॅरिसच्या जागी? १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये तारापूरची अणुवीज सुरू झाली. मग औद्योगिक वसाहत वाढली. बोईसर हे स्टेशनचं गाव, ते बघता बघता शहर झालं. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, खानदेश, मराठवाडा इथून माणसं आली. आपल्या डोंगरातलीही उतरली. २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, वस्ती आणखी दाटली.

तारप्याचा हंगाम आणि स्थलांतराचा हंगाम एकमेकांच्या मागोमाग येतात. पूर्वी कापणी झाली की नाच असे. आता कापणी झाली की एसटी पकडायची असते. कारखान्याची पाळी कणसरीचा सण ओळखत नाही. रात्रभर नाचून सकाळी सातच्या पाळीला कोण उभं राहणार? तारप्याची पीछेहाट झाली ती लोकांचं प्रेम आटलं म्हणून नव्हे. त्याच्या दोन्ही अटी, काळाची आणि जागेची, मोडल्या म्हणून झाली.

मोकळ्या झालेल्या जागेत बँजो आला. आपल्याकडच्या लग्नाच्या वरातीत, हळदीत बँजो पार्टी असते ती तुम्हाला माहीत आहेच. हा बँजो अमेरिकन नव्हे. हा बुलबुल तरंग, विजेला जोडलेला. त्याचा पूर्वज जपानचा. १९१२ साली नागोया शहरात तारा छेडायच्या आणि टाइपरायटरसारख्या कळा दाबायच्या असं एक वाद्य तयार झालं. ते फिरत फिरत हिंदुस्थानात आलं, आणि नागोयाची कळ आज बोईसरच्या वरातीत दाबली जाते. आता त्याच्या जोडीला कीबोर्ड, ऑक्टोपॅड, मोठे स्पीकर आहेत. आणि त्या कीबोर्डावर तारप्यासारखा आवाज काढून चाळे वाजवले जातात. पोरं म्हणतात, 'तारपा लाव.' तारपा त्या मैदानात नसतो.

इथे पॅरिस आठवलं की नाही? वाद्य गेलं, नाव राहिलं. रू द लापला झालं तेच.

पेटीचा धडा

'मग हे थांबवायला हवं,' असं कुणी म्हणेल. घाई करू नका. आपल्याच मराठी संगीताचा एक धडा आहे.

पेटी मूळची पॅरिसची. हार्मोनियम या नावाचं पेटंट अलेक्झांद्र दबाँ याने १८४२ मध्ये तिथेच घेतलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती इथे आली, जमिनीवर बसली, एका हाताने भाता आणि एका हाताने सूर अशी झाली. भजनात शिरली, कीर्तनात शिरली, संगीत नाटकात शिरली. गोविंदराव टेंबे स्वतः मोठे पेटीवादक. १९११ च्या 'मानापमान' नाटकाच्या चाली त्यांच्या. त्या काळच्या नाट्यपदांच्या कितीतरी चाली आधीच्या चिजांवरून, लावण्यांवरून, कर्नाटकी गाण्यांवरून बांधलेल्या होत्या. म्हणजे ज्याला आज आपण मूळ म्हणतो ते त्या वेळी नवं रूपांतर होतं.

मग जाणकारांनी आक्षेप घेतला. पेटीचे सूर ठरलेले, त्यात श्रुती नाहीत, मींड निघत नाही. आक्षेप शास्त्राच्या दृष्टीने खराच होता. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. तीस वर्षं आकाशवाणीवर पेटी नाही. पण गावोगावच्या भजनी मंडळांनी त्या हुकुमाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पी. मधुकर, म्हणजे मधुकर पेडणेकर, यांनी पेटीतून पदाचे शब्द उमटावेत असं वादन केलं. त्यांचे शिष्य गोव्याच्या बोरीचे तुळशीदास बोरकर यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. ज्या वाद्याला सरकारी दार बंद होतं, त्याच्या वादकाचा सरकारनेच सन्मान केला.

धडा काय? वाद्य परकं आहे, यंत्र आहे, सूर ठरलेले आहेत, या कारणांवरून काय अस्सल आणि काय नाही हे ठरत नाही. समिती ते ठरवू शकत नाही. बंदीने पेटी मेली नाही, आणि नुसत्या सन्मानाने तारपा जगणार नाही.

तरुण काय करत आहेत

२०२६ च्या प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने जव्हार तालुक्यातल्या वाळवंडे गावचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना पद्मश्री जाहीर झाली. वय नव्वदीच्या पुढचं, पिढ्यान्‌पिढ्यांचं तारप्याचं घराणं. साऱ्या जिल्ह्याला आनंद झाला, मलाही झाला. त्यानंतर तारप्याची चौकशी वाढली. पण तरुणांनी त्याआधीच सुरुवात केली होती हेही सांगायला हवं.

दर ९ ऑगस्टला आदिवासी दिनाच्या मिरवणुकांत तारपा रस्त्यावर येतो. शाळा-कॉलेजच्या संमेलनात तो मंचावर येतो. मोबाइलवर चित्रफिती फिरतात, त्यात ढोल, कीबोर्ड आणि खरा तारपा एकत्र ऐकू येतो. यातली कित्येक मुलं आठवडाभर पाळी करतात आणि रविवारी वाजवतात. त्यांना कुणी 'परंपरा बिघडवता' म्हटलं की मला गंमत वाटते. म्हणणारा बहुधा स्वतः काहीच वाजवत नसतो.

तरी या मुलांपुढे खऱ्या अडचणी आहेत. त्या मी तीन मानतो.

पहिली, सुराची. प्रत्येक तारप्याचा सूर त्याचा स्वतःचा. भोपळा, बांबू, मेण, हवेतला ओलावा यांवर तो हलतो. कीबोर्ड हलत नाही. दोघांना एकत्र वाजायचं तर एकाने वाकायचं, आणि वाकतो तो नेहमी तारपा. सूर जुळवण्याच्या नादात दोन नळ्यांमधली ती लाट सपाट झाली, तर तारप्याचा आत्माच घासून काढल्यासारखं होईल. इथे म्युझेतवाल्यांकडून शिकावं. त्यांनी यंत्राला थरथरायला लावलं. आपल्या मुलांनी कीबोर्डाला तारप्याच्या सुरावर आणावं. आजच्या कीबोर्डावर ती सोय असते, बटण फिरवायचं फक्त धैर्य लागतं.

दुसरी अडचण वेळेची. मंचावर पाच मिनिटं मिळतात. पाच मिनिटांत एक चाळा धड रुजत नाही. मग वादक चार चाळ्यांचे तुकडे जोडतो, नाचणारे पाठ केलेली पावलं टाकतात, टाळ्या पडतात. पायांकडे बघून चाळा लांबवणं, सैल करणं, ही कलाच तिथे वापरता येत नाही. जी कला वापरली जात नाही ती पुढच्या पिढीला शिकवलीही जात नाही.

तिसरी अडचण भोपळ्याची. हसू नका. गिटार दुकानात मिळते. तारपा दुकानात मिळत नाही. वेल लावावा लागतो, योग्य आकाराचा दुधी राखावा लागतो, तो वेलावरच जून होऊ द्यावा लागतो, वाळवून कोरावा लागतो. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलाने वेल कुठे लावायचा? तारपा शिकणं म्हणजे नुसतं फुंकणं शिकणं नव्हे. बांबू कधी तोडायचा, जीभ किती पातळ कोरायची, मेण कुठलं, हे ज्ञान म्हाताऱ्यांच्या बोटांत आहे. चाळे मोबाइलवर साठवता येतात. बोटं साठवता येत नाहीत.

तीच ज्योत की दुसरी?

आता थोडं तत्त्वज्ञान. फार नाही.

आपल्या जिल्ह्यातल्या सोपाऱ्याला अशोकाचा शिलालेख सापडला, बौद्ध स्तूप सापडला. बौद्ध परंपरेत मिलिंद राजा आणि नागसेन भिक्षू यांचा संवाद प्रसिद्ध आहे. राजा विचारतो, जन्मलेलं मूल आणि मोठा झालेला माणूस एकच की वेगळे? नागसेन दिव्याचं उदाहरण देतो. रात्रभर दिवा जळला. पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच का? नाही. मग दुसरा दिवा होता का? तेही नाही. एकीच्या आधाराने दुसरी जळत राहिली.

परंपरेबद्दल बोलताना आपण नेहमी दोन चुकीच्या टोकांना जातो. एक जण म्हणतो, चाळा तोच, सूर तोच, तरच तारपा. दुसरा म्हणतो, सगळं बदलतंच, तेव्हा स्पीकरमधला आवाजही तारपाच. नागसेनाचं उत्तर या दोघांनाही नाकारतं. ज्योत बदलते, पण ती आधीच्या ज्योतीवर पेटलेली असावी लागते. मध्ये खंड पडला, दिवा विझला आणि नंतर कुणी चित्र पाहून दुसरा लावला, तर तो दिवा असेल, पण तो नाही.

मग खंड पडला की नाही हे कशावरून ओळखायचं? मला वाटतं, फेरावरून. वादकाकडून नाचणाऱ्याकडे आणि नाचणाऱ्याकडून वादकाकडे जे जातं, ते चालू आहे का? असेल, तर मध्ये कीबोर्ड असो, ढोल असो, बोईसरचं डांबरी मैदान असो, तारपा जिवंत आहे. नसेल, तर शुद्ध भोपळा आणि शुद्ध चाळा असूनही ते प्रदर्शन आहे. पालघरच्या महाविद्यालयाला ज्यांचं नाव आहे ते सोनोपंत दांडेकर तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते आणि वारकरी कीर्तनकारही होते. कीर्तनात मागे टाळकरी उभे असतात ते शोभेसाठी नसतात. त्यांनी साथ सोडली की उरतं ते भाषण. मी आत्ता करतोय तसं.

एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. 'गाल्यानो, पेरानी खुर्चीतल्या लोकांपुढे वाजवतात, म्हणजे ते मेलेलं संगीत का?' नाही. ते मोठं संगीत आहे. पण ते दुसऱ्या कामाचं संगीत झालं आहे. म्युझेतने नाच सोडून मैफल स्वीकारली आणि त्यात ती फुलली. तारप्यालाही मैफल मिळो, जरूर मिळो. एखादी पालघरची मुलगी उद्या तारप्यावर तासभर एकटी वाजवेल आणि आपण खुर्चीत बसून ऐकू, तर मी पहिल्या रांगेत असेन. फक्त एक फरक विसरू नका. पॅरिसने फेर गमावला तेव्हा त्याची जागा घ्यायला श्रीमंत सभागृहं होती, रेकॉर्ड कंपन्या होत्या, संगीत शाळा होत्या. आपल्याकडे फेर गेला तर त्या जागी काय आहे? वर्षातून एक महोत्सव आणि एक मानचिन्ह.

करायचं काय

तेव्हा तरुणांना उपदेश करण्यापेक्षा आपण, म्हणजे कार्यक्रम ठरवणाऱ्या, जागा देणाऱ्या, वर्गणी काढणाऱ्या मंडळींनी, काय करावं ते सांगून थांबतो.

तारप्याचा कार्यक्रम ठेवाल तेव्हा मंच बांधू नका, अंगण मोकळं ठेवा. खुर्च्या कडेला लावा. पाच मिनिटं देऊ नका, दोन तास द्या, बाकीची भाषणं कमी करा. माझंही कमी करा. दिवाळीच्या सुमारास एक रात्र अशी ठेवा की दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल. कारखान्यातली मुलं येऊ शकतील. शाळेच्या परसात दुधीचा वेल लावा आणि तारपा करणाऱ्या म्हाताऱ्याला मानधन देऊन बोलवा. मुलांना आधी करायला शिकू द्या, मग वाजवायला. ध्वनिमुद्रण कराल तेव्हा नुसता चाळा नोंदवू नका. कुणाचा, कुठल्या पाड्यावरचा, कुठल्या पावलाचा, हेही लिहा. आणि त्या मुलांनी कीबोर्ड आणला, ढोल आणला, तर नाक मुरडू नका. नाचणाऱ्यांचे पाय बघा. त्यांना चुकीचं वाटलं तर साखळी सुटेल, कुणाला सांगावं लागणार नाही.

इथे थांबतो. आपल्यापैकी ज्यांच्या घरात तारपा आहे किंवा होता, त्यांनी आता बोलावं. प्रश्न नंतर घेऊ, आधी मला ऐकायचं आहे.